आधी कोणाला मारायचं

ऑफिसात तिला सगळे चिमटी म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. ती प्रोग्रामिंग शिकली त्या काळात कॉम्प्युटरला मेमरी एवढीशी असायची की लिहिणाऱ्याला हात आखडूनच लिहावं लागे. पुढं मशिनं मोठी झाली, पण हिचा हात आखडलेलाच राहिला. दुसऱ्याचं काम तपासायला घेतलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "चिमटीभर माहिती ठेवायला पोतंभर जागा मागितलीस. बरं, मागितलीस ती मागितलीस, काम झाल्यावर परत कोण करणार? तुझा मामा?" समोरचा हसायचा, आणि ती वळली की मागं दोन बोटांची चिमूट करून दाखवायचा.

कंपनी शीतगृहाची. ऑफिस शहरात, तिसऱ्या मजल्यावर. शीतगृह शहराबाहेर, मालगाड्यांच्या यार्डाला लागून. पत्र्याची लांबलचक इमारत, आत अकरा खोल्या, आणि खोल्यांत उणे बावीस अंशांवर गोठवलेला माल: मटार, मासळी, लोण्याची खोकी. बारा वर्षांपूर्वी चिमटीनं तिथल्यासाठी एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'पहारा'. पहारा प्रत्येक खोलीचं तापमान बघायचा, एखादं दार उघडं राहिलं तर कळवायचा, आणि खोल्यांच्या आत दाराशेजारी जे लाल बटण होतं ते कोणी दाबलं तर फाटकावरच्या केबिनमध्ये भोंगा वाजवायचा. ते बटण आत अडकलेल्या माणसासाठी होतं. सगळं ठीक असलं की केबिनमधल्या पडद्यावर हिरवं दिसायचं.

बटणं बसवली त्या दिवशी फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण तिला सगळ्या खोल्या दाखवत फिरला होता. अंगानं काडी, म्हणून त्याला पैलवान म्हणत. जाड कोटात तो असा दिसायचा की खुंटीला कोट टांगलाय आणि कोटच बोलतोय. प्रत्येक बटण त्यानं स्वतः दाबून बघितलं.

"मॅडम, हे दाबल्यावर कोण येतं?"

"केबिनमधला पहारेकरी."

"आणि तो जेवायला गेला असेल तर?"

"तर तो येईपर्यंत भोंगा वाजत राहतो."

"आणि तुमचा प्रोग्राम जेवायला गेला तर?"

"तो नाही जात," ती हसून म्हणाली होती.

आणि खरंच, दहा वर्षं तो कुठं गेला नाही. पहारा अगदी थोड्या जागेत काम करायचा, घेतलेली जागा काम संपताच परत करायचा. बंद पडल्याची तक्रार एकदाही आली नाही. त्यामुळं हळूहळू तो आहे हेच लोक विसरले.

मग त्याच मशीनवर एकेक पाहुणे येऊ लागले. आधी ट्रकच्या नोंदीचा प्रोग्राम आला. कोणता ट्रक कधी येणार, कोणत्या धक्क्याला लागणार, हे सगळं त्यात. मग कॅमेऱ्यांचा आला. तो बाहेरच्या एका कंपनीनं लिहिला होता आणि त्याच्यात खोट होती. चित्र घ्यायला तो जागा मागायचा. चित्र साठवून झालं तरी घेतलेली सगळी जागा परत करायचा नाही. प्रत्येक चित्रामागं नखाएवढी जागा दाबून ठेवायचा. दिवसाला लाखो चित्रं. नऊ-दहा दिवसांत मशीनची सगळी मेमरी त्याच्या पोटात जायची.

मेमरी पार संपली की कॉम्प्युटरपुढं दोनच वाटा असतात. एक तर सगळंच ठप्प होऊ द्यायचं, नाहीतर चालू असलेल्यांपैकी एखादा प्रोग्राम जागच्या जागी मारायचा आणि त्याची जागा मोकळी करून घ्यायची. कोणाला मारायचं हे तो आपला आपण ठरवतो, पण त्याला आधी सांगून ठेवता येतं की ह्याला हात लावू नकोस, त्याला खुशाल मार. त्याची एक यादी असते, चार-सहा ओळींची, प्रत्येक नावापुढं एक आकडा. ही यादी चिमटीच्या हातात होती. तिनं पहिल्या दिवशीच लिहून टाकलं होतं की पहाऱ्याला कधीही मारायचं नाही. मारायचं झालं तर आधी कॅमेरा.

तसं झालंही. दीड महिन्यात कॅमेरे चारदा बंद पडले, आणि चौथ्या वेळी साहेबांनी तिला आत बोलावलं.

"कॅमेरे परत गेले होते म्हणे."

"साहेब, त्यांचा प्रोग्राम जागा गिळतोय. त्यांना सांगा दुरुस्त करायला."

"सांगितलं. ते म्हणतात तुमचं मशीन जुनं आहे."

"आहेच जुनं. मेमरी वाढवून द्या, नाहीतर कॅमेऱ्यांना वेगळं मशीन द्या. मी तीनदा लिहून दिलंय."

"पुढच्या तिमाहीत बघू. आत्ताचं बोल. विम्याची माणसं सोमवारी येतायत, वर माल चोरीला गेल्याची तक्रार आहेच. कॅमेरा बंद पडता कामा नये."

"मग ट्रकच्या नोंदी मरतील."

"म्हणजे फाटकावर ट्रकची रांग. छे, छे. तेही नको."

"मग उरला पहारा," ती म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता. दिवसभर कोणी ना कोणी त्यांच्या डोक्यावर बसलेलं असायचं. "तो मेला तरी लगेच उठतो ना? तूच म्हणाली होतीस."

"उठतो. एका मिनिटात."

"मग झालं तर. एका मिनिटात काय आभाळ कोसळतंय?"

नाही म्हणायची हीच वेळ होती. पण 'एका मिनिटात उठतो' हे वाक्य तिचंच होतं आणि ते खरं होतं. तिनं जागेवर येऊन करून बघितलं. पहारा हातानं मारला. चाळिसाव्या सेकंदाला तो परत उभा. दुसऱ्यांदा मारला, परत उभा. तिसऱ्यांदाही. तिनं यादीतले आकडे बदलले, कॅमेरा आणि ट्रक यांना अभय दिलं आणि पहाऱ्यापुढचं अभय काढून घेतलं. 'आठवड्यापुरतं', असं तिनं शेजारी लिहून ठेवलं. एक काळजी म्हणून दर सोमवारी सकाळी ऑफिसात आल्या आल्या कॅमेऱ्यांचा प्रोग्राम स्वतः बंद करून परत चालू करायचा, म्हणजे त्यानं दाबलेली जागा सुटेल, असंही ठरवलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. तिनं पहाऱ्याला मारून बघितलं तेव्हा मशीनमध्ये जागा शिल्लक होती. उठायलासुद्धा जागा लागते.

आठवड्याचे सात आठवडे झाले. विम्याची माणसं येऊन, चहा पिऊन, समाधानानं परत गेली. आकडे तसेच राहिले.

आठव्या सोमवारी सुट्टी होती. ती घरी होती. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात ती आणि सासरे दोघंच. दुपारी तिनं पडदे धुवायला काढले, सासरे स्टुलावर चढून पडद्याचा एकेक आकडा काढून देत होते आणि ती खालून ओरडत होती, "बाबा, उतरा, पडाल." मशीनची तिला आठवणही झाली नाही. मधल्या आठवड्यात दोन नवीन कॅमेरे लागले होते, म्हणजे जागा नऊ दिवसांऐवजी सातच दिवसांत संपणार होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला फोन आला. पैलवान सात नंबरच्या खोलीत सापडला होता. जिवंत होता. हातापायांचं काही खरं नाही, असं फोनवरचा माणूस म्हणाला.

तिनं ओल्या हातांनीच लॅपटॉप उघडला आणि घरून मशीनला जोडून घेतलं. पहाऱ्याच्या नोंदी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी थांबल्या होत्या. मग मशीनची स्वतःची नोंद काढली. तिथं सगळं ओळीनं लिहिलेलं होतं. एक बारा: मेमरी संपली, पहारा मारला. एक तेरा: पहारा सुरू केला, जागा नाही, मारला. असं पाचदा. पाच वेळा उठवून एखादा प्रोग्राम उभा राहिला नाही तर त्याचा नाद सोडायचा, असा त्या मशीनचा नियम होता. एक वाजून अठरा मिनिटांनी त्यानं नाद सोडला. पैलवान आत गेला पावणेदोनला.

ओढणीला हात पुसत ती तशीच बसून राहिली. सासऱ्यांनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "कामावर अपघात झालाय एक." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेबांच्या पुढ्यात पहाऱ्याच्या नोंदींचा कागद होता.

"सात नंबरचं बटण दाबल्याची एकही नोंद नाही," ते म्हणाले. "चार तास माणूस आत होता, आणि एकदासुद्धा दाबलं नाही. केबिनच्या पडद्यावर पूर्ण वेळ सगळं हिरवं. पहारेकरी शपथेवर सांगतोय."

"मग आत करत काय होता तो?" कोणीतरी विचारलं.

"झोपला असेल."

"उणे बावीसमध्ये?"

"सुट्टीचा दिवस. ढोसून आला असेल. मला काय माहीत?" साहेबांनी चिमटीकडं बघितलं. "नोंदी बरोबर आहेत ना?"

"नोंदी बरोबर आहेत," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. कागदावर जे होतं ते बरोबरच होतं. एक बारानंतरच्या कोऱ्या जागेबद्दल कोणी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बैठक उठली, कंपनीचा अहवाल तयार झाला: कर्मचाऱ्यानं आपत्कालीन बटणाचा वापर केला नाही. तीन दिवस ती कामावर आली, डबा उघडला, डबा मिटला, घरी गेली. 

चौथ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. वॉर्डाच्या दाराशी पैलवानाची बायको उभी होती. शिवणकाम करायची; गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकत होती, काढायचं भान राहिलं नसावं.

"तुम्ही कंपनीच्या?" तिनं विचारलं.

"हो."

"मग मला सांगा, हे प्यायले होते असं कोणी उठवलं? पंधरा वर्षं संसार केलाय मी. हे सर्दीचं औषधसुद्धा घेत नाहीत, झोप येते म्हणून."

 बायकोनं बाजूला होऊन तिला आत जाऊ दिलं.

पैलवान पडून होता. दोन्ही हात मनगटापासून पुढं पांढऱ्या बोचक्यांत गुंडाळलेले. उजव्या हाताची सगळी बोटं जाणार होती, डाव्याची तीन. पायांचं अजून ठरत होतं. आवाज मात्र शाबूत होता.

"मॅडम, बरं झालं आलात. तुम्हाला कळेल." तो जरा वर सरकला. "एका खोक्यावरची चिठ्ठी वाचायला मी आत गेलो. दोन मिनिटांचं काम, म्हणून फोर्कलिफ्ट बाहेरच ठेवली, फोन तिच्यावरच. दार मागं लागलं. आतली मूठ आठवडाभर तुटलेलीच आहे, सांगितलं होतं आम्ही. तरी मी म्हटलं, काळजी नको, बटण आहे. दाबलं."

"हं."

"भोंगा आत ऐकू येत नाही, ते ठाऊक होतं. वाट बघितली. परत दाबलं. बटण त्या वाटीत आत आहे ना, हातमोज्याचं बोट जात नाही त्याच्यात. मोजा काढला. मग दाबतच राहिलो. उजवं बोट चालेना तेव्हा डाव्यानं."

ते बटण खोलगट वाटीत बसवावं असं चिमटीनंच सुचवलं होतं, खोकी घासून उगाच भोंगा वाजू नये म्हणून.

"आता हे म्हणतात, तू दाबलंच नाहीस. कागद दाखवला मला." तो छताकडं बघत होता. "खरं सांगू? आता मलाच कळेनासं झालंय. थंडीनं डोकं फिरतं म्हणतात. मी दुसरंच काही दाबत बसलो होतो का? भिंतीवरचा एखादा खिळा? तुम्ही मशीनमध्ये बघून सांगा. नसेल दाबलं तर नसेल. पण मला कळू दे."

"मी बघते," ती म्हणाली, आणि उठली. तिला तिथं आणखी एक मिनिट बसणं शक्य नव्हतं.

घरी आली ती तडक स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसली. सासरे काठी टेकत आले, समोरची खुर्ची ओढून बसले. ते रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झाले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. यादी, आकडे, सात आठवडे, वाटी, हातमोजा.

सासऱ्यांनी मधे एकच प्रश्न विचारला. "तुझा प्रोग्राम मेला की केबिनमध्ये काय दिसायचं?"

"हिरवं."

"हिरवं?"

"पडद्यावर शेवटचं जे आलं असेल ते तसंच राहतं. शेवटचं हिरवं होतं."

म्हाताऱ्यानं काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "आमच्याकडं तार तुटली की सिग्नलचा हात आपोआप आडवा पडायचा. तार तुटो, दिवा विझो, माणूस मरो; काही झालं तरी आडवा. गाडी थांबलीच पाहिजे. उगाच थांबली तर शिव्या खायच्या, पण थांबली पाहिजे. हे असं हिरवं ठेवलं कोणी?"

"मी, बाबा."

तिला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे, तुला काय माहीत असं होईल. ते तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मग ह्यात तो माणूस झोपला होता हे कुठून आलं? तुला बोलायला लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वायरमनला घेऊन शीतगृहात गेली. अकरा बटणांच्या तारा सात नंबरच्या बाहेर भिंतीवरच्या एका डब्यात येत. त्या डब्यातला छोटा प्रोग्रामही तिचाच. कोणतं बटण किती वेळा दाबलं गेलं त्याचा आकडा तो आपल्याजवळ ठेवायचा आणि पहाऱ्याला कळवायचा. पलीकडं पहारा जिवंत नसला तरी हा आपला मोजत राहणार. बारा वर्षांत तो आकडा वाचायची वेळ कधी आली नव्हती. दर तीन महिन्यांनी तपासणी झाली की तो शून्यावर यायचा, आणि शेवटची तपासणी तीन आठवड्यांपूर्वीची होती.

वायरमननं झाकण उघडलं. तिनं लॅपटॉप जोडला. दहा बटणांपुढं शून्य होतं. सात नंबरपुढं दोनशे त्रेसष्ट.

"आयला," वायरमन म्हणाला. तिनं फोटो काढला, कागदावर आकडा लिहिला, वेळ लिहिली, खाली सही केली आणि त्याचीही घेतली. सही करताना त्यानं पेन दोनदा पुसलं.

साहेबांनी तो कागद वाचला आणि दार लावून घेतलं.

"हे आणि मशीनची नोंद, दोन्ही तू चौकशीत देणार?"

"हो."

"आकडे कोणी बदलले ते त्या नोंदीत आहे."

"आहे. माझं नाव आहे."

"मी तुला काय सांगितलं होतं? कॅमेरा बंद पडू नये, एवढंच. पहाऱ्याला मार असं म्हणालो का मी?"

"मी विचारलं होतं साहेब. तुम्ही 'झालं तर' म्हणालात."

"लिहून दिलंय?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. साहेबांचा आवाज खाली आला, जवळजवळ मायेचा झाला. "हे बघ, त्याला कंपनी वाऱ्यावर सोडणार नाही. मी स्वतः बघेन. तू कशाला मान पुढं करतेस? पन्नाशीला आलीस. नवरा तिकडं समुद्रात, घरी म्हातारा. कोण घेणार तुला ह्या वयात?"

"तो विचारतोय साहेब, मी खिळा दाबत होतो का म्हणून," ती म्हणाली. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, आणि तीही समजावत बसली नाही.

चौकशीला सरकारी सुरक्षा खात्यातून एक बाई आल्या होत्या. वयानं चिमटीएवढ्याच, आवाज कोरडा, पुढ्यात वही. कॉम्प्युटरचं आपल्याला काही कळत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं आणि मग असे प्रश्न विचारले की जाणकारानं विचारले नसते.

"मेमरी संपली म्हणजे काय झालं? मला समजेल असं सांगा."

चिमटीनं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

"म्हणजे जागा संपली तर कोण मरणार हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही ठरवलेला हा जो आहे, त्याचं काम माणसं वाचवायचं."

"हो."

"कॅमेऱ्याचं काम काय?"

"माल चोरीला जाऊ नये."

"तिसऱ्याचं?"

"ट्रक खोळंबू नयेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही शिकलेल्या आहात, अनुभवी आहात. तुम्हाला ह्या तिघांतून हाच का सापडला मारायला?"

रात्रंदिवस तिनं स्वतःला हेच विचारलं होतं, त्यामुळं उत्तर तयार होतं. "बाकीचे दोघं बंद पडले की लगेच फोन यायचे. हा बंद पडला तर कोणाचाच फोन येणार नव्हता."

 बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "असंच ठेवू?"

"असंच ठेवा."

पाच आठवड्यांनी अहवाल आला. कर्मचाऱ्यानं आपत्कालीन बटणाचा योग्य वापर केला होता. मद्यपानाचा काही पुरावा नाही. आतली मूठ वेळेत दुरुस्त झाली नव्हती. सुरक्षेचा प्रोग्राम बंद पडू देणारा बदल संबंधित प्रोग्रामरनं केला. वरिष्ठांच्या तोंडी सूचनेचा पुरावा आढळला नाही. साहेबांची दुसऱ्या शाखेत बदली झाली, त्याच पगारावर. कॅमेऱ्यांना पंधरा दिवसांत वेगळं मशीन मिळालं; इतके महिने जे मिळत नव्हतं ते एका सहीनं मिळालं. बटणाची तार सरळ भोंग्याला जोडली, मधे कॉम्प्युटरच नको म्हणून. चिमटीला एक पाकीट मिळालं. त्यात कामावरून काढल्याचं पत्र होतं. तिनं टेबलाचा खण रिकामा केला. शेजारच्या टेबलावरचा तिची पिशवी जिन्यापर्यंत घेऊन आला.

अहवालाची एक प्रत घेऊन ती पैलवानाच्या घरी गेली. दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्यावर अर्धवट शिवलेला कोणाचा तरी कुर्ता. पैलवान घरी आला होता. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली होती, उजव्याला काही नाही. पाय वाचले होते, पण चालताना तो भिंत धरायचा. बायकोनं कागद त्याच्यापुढं धरला आणि त्यानं स्वतः वाचला, ओठ हलवत.

"दोनशे त्रेसष्ट," तो म्हणाला. "मला वाटलं होतं हजार तरी असतील."

बायकोनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"शेवटचं कधी दाबलं मी?"

"त्या डब्यात वेळ राहत नाही. नुसता आकडा राहतो."

"बरं." त्यानं कागदावरून परत एकदा नजर फिरवली, आणि बोट नसलेल्या हातानं खालच्या परिच्छेदाकडं दाखवलं. "हे प्रोग्रामर म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"तुम्हीच लिहिलं होतं, हा मेला तरी चालेल म्हणून?"

"हो," ती म्हणाली. माफीचे जे चार शब्द ती बसमध्ये जुळवत आली होती ते तिनं बोलून बघितले. त्याच्या कानांपर्यंत ते गेले की नाही, कळलं नाही. तो चिडला नाही. रडलाही नाही. म्हणाला, "तेव्हा मी मनात म्हणत होतो, मॅडमनी सांगितलंय, येईल कोणीतरी." आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत बसला.

बायको तिला सोडायला जिन्यापर्यंत आली. खालच्या मजल्यावर कोणी तरी खिळे ठोकत होतं. ते थांबेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"तुम्ही खरं बोललात," बायको म्हणाली. "ह्यांना रात्री जरा झोप लागते आता. त्याचं मी मानते."

"काही लागलं तर..."

"नाही, ऐका. तुम्ही वाईट नाही, दिसतंय मला. पण परत येऊ नका. तुम्ही गेलात की हे दोन दिवस जेवणार नाहीत, आणि भरवायला मीच असते."

"बरं," चिमटी म्हणाली.

"रागानं नाही म्हणत."

"नाही, कळलं मला."

बायको आत गेली. दार लागलं, आतून कडी सरकल्याचा आवाज आला. चिमटी कठड्याला धरून तीन मजले उतरली आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन बसची वाट बघत उभी राहिली.